पार्ट मुठीएवढा, वाट गाडीभर

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली आली आणि १९८० पर्यंत तिच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. तिच्या क्लचमधलं रिलीज बेअरिंग हे नावालाच बेअरिंग. छर्रे नाहीत, रोलर नाहीत, फिरणारं काहीच नाही. धातूच्या कपात बसवलेलं ग्रॅफाइटचं एक कडं, बस्स. पेडल दाबलं की हे कडं फिरत्या प्रेशर प्लेटवर जाऊन टेकतं आणि घासत राहतं. सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून हिरव्या दिव्याची वाट बघणारे महाभाग ते फार लवकर संपवतात.

संपलं की बदलायचं. तळहातावर मावणारा पार्ट, किंमतही छातीत धडकी भरवणारी नाही. फक्त तिथवर पोचायला अख्खं इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स गाडीबाहेर काढावा लागतो. बॉनेट उतरवा, रेडिएटर काढा, प्रोपेलर शाफ्ट सोडवा, चेनब्लॉक लावा आणि ते सगळं लटांबर तिरकं करत करत वर ओढा. गिअरबॉक्स एकटाच खालून का उतरत नाही? एमजीबीला वेगळी चासी नाही. गिअरबॉक्सवरचा बोगदा गाडीच्या फरशीशी एकजीव वेल्ड केलेला आहे. वरून उघडायला झाकण नाही, आणि क्लचपासून सुटा करण्याइतका गिअरबॉक्स मागे सरकवावा म्हटलं तर बोगद्यात तेवढी जागा नाही. काही मिस्त्री गिअरबॉक्स जागेवर ठेवून फक्त इंजिन पुढे ओढून काढतात. काढताना सोपं वाटतं. परत बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दातऱ्यांत घुसवायची वेळ येते, तेव्हा गॅरेजमधल्या लहान मुलांना घरी पाठवलेलं बरं.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या दुनियेत म्हणून पार्टचा भाव नंतर विचारावा, आधी वाट विचारावी. त्या वाटेवरून डिझायनरच्या डोक्यात त्या वेळी कोण बसलं होतं हेही कळतं. कधी कारखान्यातली असेंब्ली लाइन, कधी शर्यतीतला ड्रायव्हर. जमिनीवर पाठ टेकून पाना फिरवणारा मिस्त्री बहुतेक वेळा दाराबाहेरच उभा.

जाता जाता याच गाडीची आणखी एक गंमत. सुरुवातीच्या एमजीबीत गिअरबॉक्सचं तेल तपासायची दांडी गाडीच्या आत आहे. कार्पेट उचलायचं, बोगद्यावरचं रबरी बूच काढायचं, बोटं आत घालायची. आणि तेल कुठलं? साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल. गिअर ऑइलचा वेगळा डबा आणायची भानगडच नाही.

सीट काढा, गिअरबॉक्स दारातून येतो

एमजीचा जुना प्रतिस्पर्धी ट्रायम्फ. १९६८ पासून दोघेही ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली नांदत होते, पण गिअरबॉक्स काढायच्या रीती अगदी उलट. ट्रायम्फ टीआर ६ किंवा स्पिटफायरचा गिअरबॉक्स उतरवायचा तर बॉनेटला हात न लावता कामाचा मोठा भाग होतो. सीट काढायच्या, कार्पेट गुंडाळायचं, डॅशबोर्डखालचा आधार सोडवायचा. मग मधल्या बोगद्याचं झाकण स्क्रू काढून उचलायचं. ते झाकण काही मॉडेलांत चक्क जाड पुठ्ठ्यासारख्या फायबरचं असतं. पावसापाण्यात भिजून त्याचा आकार बिघडतो आणि गिअरबॉक्सची गरम हवा थेट ड्रायव्हरच्या पिंढऱ्यांवर येते. लंडनच्या हिवाळ्यात हा हीटर फुकट मिळतो म्हणा, पण जुलैत काय?

झाकण निघालं की गिअरबॉक्स समोर उघडा. गाडीच्या आत दोघांनी वेडंवाकडं बसायचं, मागे ओढायचा, उचलायचा आणि दारातून बाहेर द्यायचा. इंजिन जागच्या जागी राहतं. पाठीचे हाल होतात, पण चेनब्लॉक लागत नाही.

या रीतीचं एक टोक भारतात निघतं. स्पिटफायरची चासी ट्रायम्फ हेराल्डवरून घेतलेली, गिअरबॉक्सही त्याच घराण्यातला. आणि हेराल्ड म्हणजे आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड! १९६१ पासून ती मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्समध्ये बनायची. साठ-सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या गर्दीत तिचं ते अख्खं पुढे उलटं उघडणारं तोंड ओळखू यायचं. तिचाही गिअरबॉक्स आतूनच, बोगद्याचं झाकण काढून बाहेर येतो. त्या काळात हेराल्डवर हात बसलेल्या मिस्त्रीला आज कोणी स्पिटफायर आणून दिली, तर तो मॅन्युअल न मागता थेट सीटचे बोल्ट सोडवायला घेईल. स्पिटफायर आणि हेराल्ड दोन्हींची रेखाटनं एकाच इटालियन माणसाची, जिओव्हानी मिकेलोत्तीची. म्हणजे आपण ज्या गाडीला घरगुती समजत होतो ती बाकायदा इटालियन डिझाइनरची लेक होती.

टीआर ६ मध्ये मात्र एक खलनायक लपलेला आहे. क्लचचा काटा, म्हणजे रिलीज बेअरिंगला पुढे ढकलणारा फोर्क, एका आडव्या शाफ्टवर बसतो. त्याला शाफ्टशी बांधून ठेवते एक चौकोनी डोक्याची, निमुळत्या टोकाची पिन. लांबीला बोटाच्या दोन पेरांएवढी. ही पिन तुटली की शाफ्ट फिरतो आणि फोर्क बसून राहतो. पेडल खाली जातं, क्लच सुटत नाही. पिन क्षुल्लक, पण बसलेली गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडात, सगळ्यात आत. तेव्हा परत सीट, परत कार्पेट, परत पाठ. पोळलेले मालक म्हणून एक जुगाड करतात. एकदा गिअरबॉक्स बाहेर आलाच आहे तर फोर्क आणि शाफ्ट दोन्हींतून आरपार भोक पाडून एक जादा बोल्ट घालतात. कारखान्याला जे सुचलं नाही ते ड्रिल मशिनवाल्या मालकांना सुचलं, आणि ते इतकं रुळलं की आता तो जवळजवळ रिवाज झालाय.

तीन मॉस आणि एक लांब नाक

जग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात आली आणि लोक तिच्या बॉनेटकडे बघतच राहिले. मिस्त्रीही बघतात, पण वेगळ्या नजरेनं. क्लच प्लेट बदलायची तर सहसा ते अवाढव्य बॉनेट आधी उतरवावं लागतं. मग सहा सिलिंडरचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र वर काढा, नाहीतर गाडी चांगली उंच चढवून दोन्ही खाली उतरवा. खाली उतरवायचं म्हटलं की वाटेत एक प्लेट आडवी येते. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारची मागची टोकं तिच्याशी बांधलेली असतात आणि त्यांचा पीळ तिच्यावर असतो. सरळ पाना लावून ती खोलायला जाणं म्हणजे दाबून बसवलेल्या स्प्रिंगचं झाकण उघडणं. जाणकार ताणाचा बंदोबस्त केल्याशिवाय तिला हात लावत नाहीत.

सुरुवातीच्या ३.८ लिटर ई-टाइपमध्ये मॉस कंपनीचा गिअरबॉक्स होता. मजबूत, पण आळशी. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, आणि बाकीचेही घाईला भीक घालत नसत. १९६४ मध्ये ४.२ लिटरचं मॉडेल आलं तेव्हा जग्वारनं स्वतःचा, चारही गिअरना सिंक्रोमेश असलेला बॉक्स बसवला. इथं नवशिक्यांचा हमखास घोटाळा होतो. मॉस गिअरबॉक्सचा मॉस वेगळा. जग्वार सी-टाइप पळवणारे शर्यतवीर स्टर्लिंग मॉस वेगळे. आणि ज्यांच्या कॅटलॉगमधून जगभरचे लोक ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे पार्ट मागवतात ती १९४८ साली सुरू झालेली कॅलिफोर्नियाची मॉस मोटर्स आणखी तिसरी. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

जग्वार २००८ पासून टाटांची आहे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ई-टाइपची प्लेट काढताना एखाद्या इंग्रज मिस्त्रीनं कपाळावर हात मारला, तर निदान दूरच्या नात्यानं त्याची उचकी पुण्या-मुंबईत लागायला हरकत नाही.

चार बोल्टची दंतकथा

पोर्शा ९११ चं इंजिन चार बोल्टवर लटकलेलं असतं, असं तिचे भक्त छातीठोकपणे सांगतात. खरं आहे. मागे इंजिनच्या आडव्या पट्टीला दोन, पुढे गिअरबॉक्सला दोन. चार बोल्ट सुटले की दोन्ही मिळून खाली येतात. ते सांगत नाहीत ते असं: त्या आधी सुमारे दहा लिटर तेल काढायचं, दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट सोडवायचे, पेट्रोलच्या नळ्या, तेलाच्या नळ्या, ॲक्सिलरेटरची सळई, क्लचची केबल, स्टार्टरच्या वायरी आणि गिअरचा दांडा, हे सगळं सोडवून झालेलं असलं पाहिजे. एखादी वायर विसरली तर चौथा बोल्ट काढल्यावर ती स्वतःची आठवण करून देते.

पण याच ९११ मध्ये ट्रान्समिशनचा एक पार्ट असा आहे की त्याच्यासाठी जॅकसुद्धा लागत नाही. जुन्या ९११ चा गिअर हलवला की दांडा लापशीत फिरवल्यासारखा लागतो, दुसरा शोधावा तर चौथा भेटतो, अशी तक्रार फार. लोक घाबरून गिअरबॉक्स खोलायच्या गोष्टी करतात. पुष्कळदा दोष असतो गिअरच्या दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या कपलरमधल्या दोन प्लॅस्टिकच्या बुशांचा. वर्षानुवर्षं वापरून त्यांचा चुरा होतो. आणि हा कपलर बसलाय कुठे? मागच्या दोन छोट्या सीटांच्या मधोमध, कार्पेटखाली, एका लहानशा झाकणाआड. स्क्रू काढा, झाकण उचला, कपलर काढा, बुश बदला, बंद करा. हात काळे होतील, कपडे नाहीत. मात्र जोडताना क्लॅम्प मिलिमीटरभर इकडे-तिकडे झाला तरी एखादा गिअर पडेनासा होतो. शांतपणे जुळवायचं काम आहे, रविवारी जेवणानंतर करू नये.

या गाडीचे जुने पार्ट मागवताना नंबराच्या सुरुवातीला ९०१ दिसतं, ते चुकून पडलेलं नाही. गाडीचं मूळ नाव ९०१ च होतं. मधे शून्य असलेली तीन आकडी नावं आपली आहेत असं फ्रान्सच्या प्यूजोनं सांगितलं आणि १९६४ मध्ये पोर्शानं मधला शून्य काढून एक घातला. नाव बदललं, पार्टच्या नंबरात जुनी ओळख राहिली. सरकारी दफ्तरात माहेरचं नाव राहतं, तशी.

त्याच कंपनीची ९४४ मात्र मिस्त्रीचा अंत पाहते. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, दोघांना जोडणारी लांब नळी आणि तिच्यात फिरणारा शाफ्ट. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जावं म्हणून ही मांडणी. गाडी वळणात झकास चालते. पण क्लच पुढे, इंजिनला चिकटून. तो बदलायचा तर आधी सायलेन्सर, मग मागचा गिअरबॉक्स, मग ती नळी मागे सरकवायची, तेव्हा कुठे क्लचचं दर्शन. आणि सुरुवातीच्या गाड्यांत क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर होतं. ते फाटलं की गाडी जागेवर.

एक पुढे, चार मागे

लोटस युरोपाची गोष्ट सगळ्यात मजेशीर. १९६६ मध्ये लोटसला इंजिन मध्यभागी असलेली स्वस्त स्पोर्ट्स कार करायची होती. त्यांनी काय केलं? पुढची चाकं फिरवणाऱ्या रेनो १६ या घरगुती गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलला, अख्खा जुडगा अर्धा फेरा फिरवला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवला. कल्पना नामी. पण जुडगा उलटा केला की चाकंही उलटी फिरणार. म्हणजे एक गिअर पुढे जायला आणि चार मागे जायला! उपाय असा की गिअरबॉक्स उघडून त्यातली मोठी दातेरी चकती, क्राउन व्हील, पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवली. फेऱ्याची दिशा पालटली, गाडी शहाण्यासारखी पुढे गेली. कोणी आज हा गिअरबॉक्स खोलून चकती मूळ रेनोच्या बाजूला परत बसवली, तर त्याला गावातली सर्वात वेगवान रिव्हर्स गाडी मिळेल.

घरगुती गाडीचा गिअरबॉक्स उचलायची ही सवय त्या काळात सर्रास होती. जॅक ब्रॅबम १९५९ चा जगज्जेता झाला त्या कूपर गाडीत सिट्रोएन ट्रॅक्शन आवाँ या फ्रेंच कौटुंबिक मोटारीचा गिअरबॉक्स सुधारून बसवला होता. इंग्लंडच्या ह्यूलंडनं शर्यतीच्या गिअरबॉक्सचा धंदा उभारला तो फोक्सवॅगन बीटलच्या कवचावर, तेही उलटं पालटून. लोटस एस्प्रिट आणि मासेराती मेराक यांना गिअरबॉक्स मिळाला सिट्रोएन एसएमचा. आज या गाड्यांच्या मालकांना त्याचा फायदाही होतो आणि तोटाही. पार्ट इटालियन किंवा इंग्रज दुकानात नसतो. तो फ्रान्समधल्या कुणाच्या तरी जुन्या माळ्यावर असतो.

चार रिव्हर्स गिअर असलेली गाडी मात्र खरोखर होऊन गेली. युद्धापूर्वीच्या फ्रेंच दलाहे १३५ मध्ये कोताल नावाचा विजेवर चालणारा गिअरबॉक्स मिळायचा. स्टिअरिंगजवळ बोटभर खटका, आणि आत विद्युतचुंबक ग्रहचक्राचे गिअर बदलायचे. पुढे-मागे जायचा दांडा वेगळा. त्यामुळे जेवढे वेग पुढे, तेवढेच मागे. चौथ्या गिअरमध्ये मागे जाण्याचा मोह कुणाला झाला की नाही, इतिहास त्यावर मौन पाळतो.

तेल एकच, डोकी वेगळी

लॅम्बोर्गिनी मिउरा (१९६६) मध्ये बारा सिलिंडरचं इंजिन आडवं बसवायचं होतं. जागा पुरेना. मग गिअरबॉक्स इंजिनच्याच ओतकामात घेतला आणि दोघांना एकच तेल पाजलं. ही युक्ती तशी नवी नव्हती. अलेक इसिगोनिसनं १९५९ च्या छोट्या मिनी कारमध्ये तेच केलं होतं. पण मिनी ती मिनी. मिउरात गिअरच्या दात्यांवरून खरवडून निघालेला लोखंडी कीस त्याच तेलातून इंजिनकडे फिरायला मोकळा. शेवटच्या काही मिउरांत दोन्ही तेलं वेगळी करण्यात आली, आणि आज त्या गाड्यांना जाणकार जास्त भाव देतात.

पुढची काउंटाश याहून चक्रम. तिचा गिअरबॉक्स इंजिनच्या पुढे, थेट दोन सीटांच्या मधे. गिअरचा दांडा सरळ त्यातच खुपसलेला, मधे सळया नाहीत, बुश नाहीत, लापशी नाही. मग शक्ती मागच्या चाकांकडे जाते कशी? इंजिनच्या तेलाच्या टाकीतून आरपार काढलेल्या शाफ्टनं! ही कल्पना पाओलो स्तांझानीची. गिअर बदलायला याहून सरळ वाट सापडणार नाही, आणि शाफ्टचं ऑइल सील बदलायला याहून वाकडी.

होंडानं १९६३ च्या एस ५०० मध्ये आणखी निराळाच मार्ग धरला. मोटारसायकलवाले ते. मागच्या प्रत्येक चाकाला त्यांनी वेगळी चेन दिली. चेनची पेटी हाच चाकाचा सस्पेन्शन आर्म. १९६६ मध्ये एस ८०० आली, तिच्याच काळात चेन जाऊन नेहमीचा ॲक्सल आला. चेनवाल्या गाड्यांचे मालक गॅरेजमध्ये 'चेन टाइट करून द्या' म्हणतात, तेव्हा समोरच्या पोऱ्याला ते चेष्टा करतायत असं वाटत असावं.

रिव्हर्स टाकू नका!

आता ओव्हरड्राइव्ह. पाचवा गिअर दुर्मिळ होता तेव्हाचा हा तोडगा. एडगर द नॉर्मनव्हिल या गृहस्थांची कल्पना, शेफील्डच्या लेकॉकनं ती बनवली. गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडलेलं हे दुसरं छोटं यंत्र. डॅशबोर्डवरचा किंवा स्टिअरिंगजवळचा खटका दाबला की सोलेनॉइड झडप उघडतो, तेलाच्या दाबानं आतला शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो आणि तोच गिअर अधिक लांब होतो. एमजीबीच्या नंतरच्या ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनचे फेरे सुमारे १८ टक्क्यांनी उतरतात. ३५०० फेऱ्यांवर ओरडणारं इंजिन २८७० वर येऊन गप्पा मारू देतं. क्लच दाबायचीही गरज नाही. जुन्या ट्रायम्फ टीआरमध्ये हा खटका दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला चालायचा. म्हणजे एकूण पुढे जायचे वेग सात! आजच्या सात गिअरवाल्या गाडीच्या जाहिराती वाचताना पन्नाशीतल्या या टीआरला हसू येत असेल.

हे यंत्र 'गेलं' असं मालक म्हणतो तेव्हा शंभरातले किती खरोखर गेलेले असतात कोण जाणे, पण शोधायचा क्रम जुने मिस्त्री कधी मोडत नाहीत. आधी तेलाची पातळी. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांचं तेल सामाईक, ते कमी झालं तर गिअर अजून चालतात पण ओव्हरड्राइव्ह संप करतो. मग वायरी. सोलेनॉइडला करंट पोचतोय का, गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच जोडतोय का. सत्तरच्या दशकातल्या काही गाड्यांत खटका थेट गिअरच्या मुठीत आला, आणि त्याची बारीक वायर पोकळ दांड्यातून खाली जाते. गिअर बदलून बदलून ती आत तुटते. दोन इंच वायरीसाठी गिअरबॉक्स उतरवलेला मालक पुढे बराच काळ कुणाशी बोलत नाही. यंत्र उघडायचं ते सगळ्यात शेवटी.

सोलेनॉइडलाही एक खोड आहे. त्यात दोन वेटोळी असतात. पहिलं दणकट, ओढून घेणारं, भरपूर करंट खाणारं. दुसरं बारीक, नुसतं धरून ठेवणारं. ओढून झालं की दणकट वेटोळं बंद व्हायला हवं. सळईची जुळवणी चुकली तर ते बंदच होत नाही आणि जळून जातं. नवा सोलेनॉइड घातला, जुळवणी तशीच ठेवली, की नवाही त्याच वाटेनं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओव्हरड्राइव्ह आतल्या आत अडकून लागलेलाच राहिला असेल, तर रिव्हर्स टाकू नका. आत एकाच दिशेनं फिरू देणारा रोलर क्लच असतो. उलट्या दिशेनं जोर पडला की तो फुटतो, आणि मग मुठीएवढ्या झडपेचं काम पोतंभर होतं. गाडी हातानं ढकला. शेजाऱ्यांना बोलवा.

पाना एक, आटे दुसरे

१९४५ ते १९४९ दरम्यान एमजी टीसी बनली. गाडी सोळा आणे इंग्रज. मग तिच्या इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांना व्हिटवर्थचा इंग्रजी पाना बसतो, तर आटे चक्क मेट्रिक, फ्रेंच मापाचे, हे कसं? त्याला कारण एक खरेदी. मॉरिस कंपनीनं १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला. यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलण्यापेक्षा बोल्टची डोकी इंग्रज मापाची केली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पेटीतला पाना चालेल. वरून साहेब, आतून फ्रेंच. आज दुकानात साधा इंग्रजी बोल्ट आणून जोर लावणारा माणूस ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो आणि नशिबाला दोष देतो.

जास्त चांगलं तेल घालू नका

१९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणला. त्याच्या आधी गिअर बदलताना दोन्हीकडचा वेग कानानं जुळवावा लागे, नाहीतर खर्र्र. सिंक्रोमेशमध्ये पितळी कडी गिअरच्या शंकूवर घासते आणि वेग जुळवून देते. घासणं हेच तिचं काम. म्हणून जुन्या गिअरबॉक्सला महागातलं, जास्त निसरडं तेल घातलं तर कडीची पकडच सुटते. त्यात जीएल-५ प्रतीच्या तेलातली गंधकयुक्त रसायनं पितळाला मानवत नाहीत, असं अनेक जाणकार सांगतात आणि जीएल-४ घालायला लावतात. डब्यावरचा मोठा आकडा बघून आनंदणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी.

गॅरेजमधलं स्वयंपाकघर

गिअरबॉक्स एकदाचा टेबलावर आला की खरी मजा सुरू होते. सिंक्रोमेशच्या हबमध्ये इवल्या स्प्रिंगांवर छर्रे दाबून बसवलेले असतात. बाही सरकवली की छर्रे सुटतात आणि गॅरेजच्या ज्या कोपऱ्यात झाडू कधी पोचत नाही तिथं जातात. शहाणी माणसं हब प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीतच हात घालून उघडतात. लेशाफ्टच्या आतले सुईसारखे रोलर बसवताना पडू नयेत म्हणून त्यांना व्हॅसलीननं चिकटवतात. चालू झाल्यावर गरम तेलात व्हॅसलीन विरघळून जातं. मग खऱ्या शाफ्टऐवजी तेवढ्याच जाडीचा, पण आखूड, खोटा शाफ्ट घालून गिअर जागेवर ठेवायचा आणि खरा शाफ्ट आत सरकवत खोट्याला बाहेर ढकलायचं. कोल्हापूरच्या लेथवर असा खोटा शाफ्ट वळून घेणं हा चहाच्या दोन कपांमधला उद्योग.

ॲल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या कवचातून बेअरिंग काढायला हातोडा नको, उष्णता हवी. कवच तापलं की ते पोलादी बेअरिंगपेक्षा जास्त फुगतं आणि बेअरिंग आपोआप सुटतं. उलट, नवं बेअरिंग बसवायच्या आधी ते फ्रीजरमध्ये ठेवायचं. हे दोन्ही घरच्या ओव्हन-फ्रीजमध्ये करणाऱ्यांनी कवच आधी नीट धुवावं, कारण जुन्या गिअर ऑइलचा वास केकला दिवाळीपर्यंत सोडत नाही.

आणि पाव. इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला एक छोटं स्पिगॉट बुश असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात टेकतं. क्लच करताना ते बदलून टाकावं, पण ते आंधळ्या भोकात बसलेलं, मागून ढकलायला जागा नाही. म्हणून त्या भोकात ग्रीस ठासून भरतात, भोकात नेमकी बसणारी सळई घालतात आणि हातोडा मारतात. ग्रीस दबत नाही, बुशच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतं. ग्रीसचा राडा नको असेल त्यांनी ओला पाव वापरावा. ही थट्टा नाही, जगभरच्या गॅरेजांत चालणारी युक्ती आहे. पाण्यात भिजवलेला पाव भोकात कोंबा, सळई घाला, ठोका, परत कोंबा, परत ठोका. लादी पाव चालतो, कडक ब्रून नको. बुश पुढे यायला लागलं की घाई करू नका, शेवटचे दोन ठोके हळू. मग भोकातला पाव शेवटच्या कणापर्यंत काढा. नवं बुश सच्छिद्र काशाचं असेल तर ते रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. किंवा घाईच असेल तर बुश अंगठ्यावर उभं धरा, आत तेल भरा आणि वरून दुसऱ्या अंगठ्यानं दाबा. बाहेरच्या बाजूला घामासारखे तेलाचे थेंब फुटले की समजा, बसवायला तयार.